कचरा घाटंजीचा, माती घाटंजीची

२०२५ च्या प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येला पद्म सन्मानांची जी यादी जाहीर झाली, तीत यवतमाळचे शेतकरी सुभाष शर्मा यांचे नाव होते. रासायनिक शेतीत पोळून निघाल्यावर गाय, झाड, पाणी आणि जमिनीतील जिवाणू यांच्या आधाराने आपली शेती पुन्हा उभी करणाऱ्या या माणसाला पद्मश्री मिळाली, याचा विदर्भाला स्वाभाविकच आनंद झाला. ज्या जिल्ह्याचे नाव गेली कित्येक वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीखालीच वाचायची सवय महाराष्ट्राला लागली होती, त्या जिल्ह्याचे नाव या निमित्ताने वेगळ्या कारणाने घेतले गेले. त्या वेळी एका गोष्टीची आठवण मात्र फारशी कुणी काढली नाही. मातीला परत काही देण्याची विद्या यवतमाळ जिल्ह्याने देशाला शिकवली, ती ही पहिलीच वेळ नव्हे. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी फार पूर्वी हेच काम केले होते. लोक त्यांना नाडेप काका म्हणत. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी ‘नाडेप’ कंपोस्ट पद्धत आज देशभरातील कृषिखात्यांच्या पुस्तिकांतून शिकवली जाते.

पुसद आणि घाटंजी ही एकाच जिल्ह्यातील तालुक्यांची गावे. घाटंजीचे नाव आम्ही येथे मुद्दाम घेत आहोत. त्या गावावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. मोठ्या शहरांच्या कचऱ्याबद्दल बोलणे सोपे असते. देवनारचा डोंगर २०१६ साली पेटला आणि मुंबईवर धूर पसरला, तेव्हा दूरचित्रवाणीवर चर्चा झडल्या. पण पश्चात्तापाची वेळ यायच्या आधीच ज्यांना हा प्रश्न सोडवता येईल, अशी गावे घाटंजीएवढीच आहेत. २०११ च्या जनगणनेत घाटंजीची लोकसंख्या वीस हजारांच्या घरात होती. वाघाडी नदीच्या काठचे हे गाव. भोवती कापूस, सोयाबीन, तूर. पलीकडे सागाचे जंगल आणि टिपेश्वरचे अभयारण्य. येथे हिशेब बोटांवर मांडता येतो. तो मांडून पाहण्याची हिंमत करावी, एवढेच या लेखाचे प्रयोजन आहे.

हिशेब असा. लहान गावांत माणशी दररोज पाव किलो ते तीनशे ग्रॅम कचरा निघतो, असे मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे वीस हजार वस्तीचा दिवसाचा कचरा पाच ते सहा टन झाला. त्यातला निम्मा, म्हणजे अडीच ते तीन टन, हा ओला कचरा असतो. त्यात भाजीची देठे, फळांच्या साली, उष्टे, चहाचा चोथा, पाने आणि निर्माल्य येते. हे सारे शेतातून आलेले आहे. उरलेल्यात कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, चिंध्या, प्लॅस्टिक आणि रस्त्याची धूळ. यातील बऱ्याच वस्तूंना कबाड्याकडे भाव आहे. एवढे लक्षात घेतले की एक गोष्ट उघड होते. या पाच टनांपैकी मुळात कचरा म्हणावे असे फार थोडे आहे. आपणच एका बादलीत सगळे एकत्र कालवतो आणि त्या क्षणी त्याचा कचरा होतो. आमटीने भिजलेल्या कागदाला कबाडी हात लावत नाही, आणि ज्या भाजीच्या देठांत फुटलेल्या बल्बची काच मिसळली आहे, त्या देठांचे खत शेतकरी घेत नाही.

हे दुसरे वाक्य महत्त्वाचे आहे, आणि या विषयावर जे लिहिले-बोलले जाते त्यात ते क्वचितच येते. शहरी कंपोस्टचे प्रकल्प गेल्या काही दशकांत आपल्याकडे अनेक निघाले आणि अनेक बंद पडले. यंत्रे मोडली, कंत्राटे संपली, बिले थकली अशी नाना कारणे सांगितली गेली. २०१६ साली केंद्र सरकारने शहरी कंपोस्टला टनामागे दीड हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले. राज्य शासनाने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाने नगरपालिकांच्या खताला एक नाममुद्रा दिली. ही पावले योग्यच होती. तथापि शेतकरी त्या खताकडे ज्या संशयाने पाहतो, तो संशय अनुदानाने जात नाही. त्याने एकदा ट्रॉलीभर खत शेतात पसरलेले असते आणि पुढची दोन वर्षे त्या शेतातून पिशव्यांचे तुकडे, दाढीची पाती, सलाइनच्या नळ्या आणि काचा वेचलेल्या असतात. शेतात चालायचे कुणाला? बैलाला, आणि निंदणाऱ्या बायांना. कापसाच्या ओळीत बसून, हातात विळा घेऊन, डाव्या हाताने गवताचा बुडखा धरत पुढे सरकणाऱ्या त्या बाईच्या बोटांत काच जाते. दिवसाच्या मजुरीवर पोट असलेल्या घरात बोट चिरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा घाटंजीतील एखाद्या घरात ओला आणि सुका असे दोन डबे ठेवले जातात की नाही, हा त्या घरातील गृहिणीच्या टापटिपीपुरता प्रश्न राहत नाही. तिच्या डब्याचा संबंध वाघाडीकाठच्या शेतात निंदण करणाऱ्या दुसऱ्या एका बाईच्या बोटांशी आहे. दोघींची ओळख नाही, बहुधा होणारही नाही. समाज एकरस व्हावा असे आपण म्हणतो, तेव्हा अशा न दिसणाऱ्या नात्यांचाही विचार त्यात असायला हवा.

आता पुन्हा नाडेपकडे वळू. ही पद्धत समजायला अवघड नाही. विटांचे, साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे टाके बांधायचे. भिंतीत ठरावीक अंतराने भोके ठेवायची, म्हणजे हवा खेळती राहते. आत काडीकचऱ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर शेणाचा काला शिंपडायचा, त्यावर चाळलेल्या कोरड्या मातीचा थर. असे थरावर थर देत टाके काठाच्या वर झोपडीच्या आकाराने भरायचे आणि शेणमातीने लिंपून टाकायचे. पंधरा-वीस दिवसांत ते दबते, तेव्हा पुन्हा भरायचे. तीन-चार महिन्यांत खत तयार. एका टाक्याला सुमारे चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा, नव्वद ते शंभर किलो शेण, सतराशे किलोंच्या आसपास माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी लागते. त्यातून सुमारे तीन टन खत निघते.

नाडेप काकांची खरी प्रतिभा आहे ती शंभर किलो शेणात. परंपरेने शेणखत म्हणजे शेणाचे खत, त्यात शेणच मुख्य. त्यांनी शेणाला विरजणाची जागा दिली. पातेलेभर दुधाला चमचाभर विरजण पुरते, तसे शंभर किलो शेण तीन टनांना पुरते. दिवसाला आठ-दहा किलो शेण देणारी गाय वर्षाला तीन टन शेण देते. म्हणजे तीस टाकी, म्हणजे नव्वद टन खत. एका जनावराच्या वर्षभराच्या शेणातून ऐंशी ते शंभर टन खत होऊ शकते, हा नाडेप काकांचा दावा प्रथम ऐकणाऱ्याला अतिशयोक्त वाटतो, पण गणित मांडले की पटतो. दूध न देणारी, म्हातारी, भाकड गाय शेतकऱ्याने का पोसावी, या प्रश्नाला एवढे रोकडे उत्तर गोरक्षणाच्या व्यासपीठांवरूनही फार वेळा दिले गेलेले नाही.

हेच गणित घाटंजीला लावून पाहावे. दिवसाचा अडीच-तीन टन ओला कचरा म्हणजे रोज दोन टाकी. दोन टाक्यांना लागणारे शेण दोनशे किलो. म्हणजे वीस-पंचवीस जनावरांचे एखादे लहानसे गोरक्षण साऱ्या गावाच्या ओल्या कचऱ्याला विरजण पुरवू शकते. चार महिन्यांचे चक्र धरले तर दोनशे चाळीस टाकी लागतील, आणि मधल्या वाटा, माती-काडीकचऱ्याची जागा, चाळणीचे अंगण असे सगळे धरूनही जागा लागेल ती एक-दीड एकर. गावाबाहेर ज्या जमिनीवर कचरा नुसता ओतला जातो, ती अनेक ठिकाणी याहून मोठी असते.

हा कागदावरचा हिशेब आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. प्रत्यक्षात अडचणी येतील, आणि त्या आधीच सांगितलेल्या बऱ्या. पहिली अडचण पाण्याची. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते. तो नुसता टाक्यात भरला तर सडतो, दुर्गंधी सुटते, माश्या होतात आणि शेजारचे लोक आठ दिवसांत टाके बंद पाडतात. त्याला जोडीला कोरडा पाला हवा, काडी हवी. शहरात ती विकत आणावी लागते. घाटंजीभोवती मात्र पऱ्हाट्या आणि तुराट्या आहेत, सोयाबीनचे कुटार आहे, जिनिंगमधला काडीकचरा आहे. दुसरी अडचण मातीची. रोज दोन टाकी म्हणजे रोज साडेतीन टन माती. ती कुठून आणायची? तलावातला गाळ आणि आधीच्या टाक्यांतले चाळून उरलेले भरड खत परत वापरले तर मातीची गरज बरीच कमी होईल. पण तिसरी आणि खरी अडचण माणसाची आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

पऱ्हाट्यांचा उल्लेख आला म्हणून एक जुनी गोष्ट. जगात सेंद्रिय शेतीचा आद्य पुरस्कर्ता म्हणून ज्याचे नाव घेतात, तो सर अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९२० च्या दशकात इंदूरच्या संशोधनसंस्थेत काम करीत होता. त्या संस्थेचा मुख्य विषय कापूस. त्याने जी ‘इंदूर पद्धत’ जगापुढे ठेवली, तीत वाया जाणाऱ्या पऱ्हाट्यांचा मोठा भाग होता. टणक पऱ्हाट्या कुजत नाहीत, म्हणून तो त्या रस्त्यावर अंथरून ठेवी. गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्या चेचल्या जात आणि मग खड्ड्यात जात. १९३१ साली त्याने या पद्धतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यावर सहलेखक म्हणून यशवंत वाड या मराठी माणसाचे नाव आहे. हिंदुस्थानातील शेतकऱ्यांना आपण गुरू मानले, हे हॉवर्डने स्वतः नमूद करून ठेवले आहे. ‘ऑर्गॅनिक’ हा शब्द परदेशातून परत आला की आपल्याकडे त्याला दुप्पट भाव येतो. तो येथूनच, कापसाच्या शेतातून, बाहेर गेला होता.

तथापि जुन्या काळाचा अभिमान बाळगताना थोडे तारतम्यही हवे. ‘आपल्या पूर्वजांच्या काळी कचरा नव्हताच’ हे वाक्य आपल्या बौद्धिकांतून आणि व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. घरामागच्या सांदवाडीत उकंडा असे, त्यात शेण, राख, केर, पालापाचोळा सारे जाई आणि पेरणीआधी ते गाडीने शेतात पोहोचे. दिवाळीत उकिरड्यावरही पणती लावण्याची चाल अनेक घरांत होती. केरसुणीला आपण लक्ष्मी मानून पुजतो. हे सारे खरे. परंतु आपल्या आजोबांच्या उकिरड्यात जे जे पडत होते, ते सगळे कुजणारेच होते. प्लॅस्टिकची पिशवी हातात आली असती तर त्यांनी काय केले असते, याची परीक्षा झालेली नाही. ती परीक्षा आपल्या वाट्याला आली आणि तीत आपण काही उज्ज्वल यश मिळवले आहे असे दिसत नाही. दुसरे असे, की त्या काळी गाव स्वच्छ राहत होते तेव्हा घाण उचलण्याचे काम काही जातींच्या माथी मारलेले होते. स्वच्छतेचे पुण्य सगळ्या गावाला आणि विटाळ मात्र त्यांना, अशी ती वाटणी होती. ज्याला परंपरेचा अभिमान आहे त्याने हा हिशेबही परंपरेच्याच खात्यावर मांडला पाहिजे.

वऱ्हाडच्या भूमीने या पापाचे प्रायश्चित्त कसे घ्यायचे तेही दाखवून दिले आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या डेबूजींनी हातात खराटा घेतला आणि पन्नासहून अधिक वर्षे महाराष्ट्राची गावे झाडली. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात मने झाडायची, हा गाडगेबाबांचा क्रम सर्वांना माहीत आहे. २०००-०१ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा हजारो गावांत लोक उत्साहाने उतरले. २०१४ च्या २ ऑक्टोबरपासून स्वच्छ भारत अभियानाने हा विषय थेट लाल किल्ल्यापासून गल्लीपर्यंत नेला. घंटागाडी आता लहान गावांतही फिरते. पण गाडगेबाबा स्वतः झाडत असत. आपण घंटागाडीची घंटा ऐकून बादली उलटी करतो आणि दार लावून घेतो. पुढे ती मिसळलेली घाण कुणाचे तरी हात वेगळी करतात किंवा ती तशीच पेटवली जाते. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घातली आणि त्यासाठी पाच हजार रुपयांचा, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजारांचा दंड ठरवला. धूर आजही अनेक गावांच्या वेशीवर दिसतो.

या सगळ्यात एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष लागावी अशी आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले. आपण सर्वांनी त्याचे स्वागत केले. त्या राज्यमातेच्या पोटात आज काय आहे? मोकाट गाईंच्या पोटातून पशुवैद्यकांनी शस्त्रक्रिया करून तीस-तीस, चाळीस-चाळीस किलो प्लॅस्टिक काढल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून वर्षानुवर्षे येत आहेत. हे प्रकरण २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेले. गाय प्लॅस्टिक खात नाही. पिशवीतली शिळी पोळी, भाजीची साल, मिठाचा वास असलेले उष्टे तिला हवे असते. पिशवीला गाठ मारलेली असते आणि गाईला हात नसतात, म्हणून ती पिशवीसकट गिळते. ती पिशवी पोटातून पुढे सरकत नाही, साचत जाते, आणि गाय भरल्या पोटी उपाशी मरते. ती गाठ कोण मारतो? कसायाला त्यासाठी दोष देता येत नाही. ती गाठ सकाळी देवपूजा करून, गोग्रास बाजूला काढणाऱ्या घरांतूनही मारली जाते. गोवंशहत्याबंदीचा कायदा २०१५ साली अमलात आला. या गाठीविरुद्ध कायदा करता येत नाही, आणि केला तरी तो स्वयंपाकघरात शिरू शकत नाही.

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तू बंद झाल्या. तरी बाजारात पिशवी मिळतेच. दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक मागते, गिऱ्हाईक म्हणते दुकानदार देतो. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभासाठी ‘एक थाळी, एक थैली’ ही मोहीम राबवली गेली. देशभरातील घरांतून स्टीलची ताटे आणि कापडी पिशव्या गोळा होऊन प्रयागला गेल्या. महाराष्ट्रातील घरेही त्यात होती. आता त्याच घरांतील मंगलकार्याला, गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला आणि आपल्या स्वतःच्या एकत्रीकरणांना ताटे कुठली असतात, हे एकदा पाहावे. घाटंजीच्या आसपासच्या रानात पळसाला तोटा नाही. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावणारे हात जंगलालगतच्या गावांत आहेत, त्यांना काम हवे आहे. ती पत्रावळ जेवणानंतर थेट टाक्यात जाते, तिच्यासाठी वेगळा डबाही लागत नाही. भांडाराची शंभर-दोनशे ताटे गावाने एकत्र घेऊन ठेवली तर त्याहून उत्तम.

व्यापारी बंधूंविषयी थोडे. चहा-नाश्त्याची हॉटेले, भाजीबाजार, मांसविक्रीची दुकाने, मंगल कार्यालये येथून निघणारा ओला कचरा एकाच ठिकाणी, एकाच प्रकारचा आणि भरपूर असतो. खत करायला तो घरगुती कचऱ्यापेक्षा सोपा. दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर २०१६ च्या नियमांनी स्वतःची जबाबदारी टाकली होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू होण्यासाठी केंद्राने जे नवे नियम केले, त्यांनी वर्गीकरण ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रकारचे केले. हा चौथा प्रकार घाटंजीसारख्या गावी सर्वांत गंभीरपणे घ्यावा. बल्ब, बॅटरी, मुदत संपलेली औषधे हे तर आहेच, पण कापसाच्या मुलखात त्यात आणखी एक भर पडते, ती कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांची. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने याच यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या रिकाम्या बाटल्या आणि डबे घरात तेल भरायला, संडासला न्यायला वापरले जातात, कबाड्याला विकले जातात किंवा नाल्यात फेकले जातात. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरण्याची सूचना आहे. प्रत्येक कृषी सेवा केंद्राने नवा डबा देताना जुना, तीनदा धुतलेला आणि भोक पाडलेला डबा परत घेण्याची पद्धत पाडली, दारात एक पोते टांगले, तर ते विष कचऱ्याच्या गाडीत येणारच नाही. वाघाडीचे पाणी पैनगंगेला जाते, पैनगंगेचे वर्धेला, आणि पुढे प्राणहितेतून ते गोदावरीला मिळते. आपण येथे नाल्यात टाकतो ते दक्षिणगंगेच्या पदरात पडते.

आता ती तिसरी अडचण, माणसाची. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले घाटंजीहूनही लहान आहे. तेथे रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचराभूमीचे रूप पालटले, कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण होऊ लागले, आणि जेथे नाक दाबून जायचे तेथे लोक सहली घेऊन जाऊ लागले. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ साली उभी राहिली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. त्या चळवळीमागे असलेल्या डॉ. बाबा आढावांशी आमचे वैचारिक मतभेद जगजाहीर होते. २०२५ च्या डिसेंबरात ते गेले. उकिरड्यावर वाकलेल्या बाईला ओळखपत्र, हातमोजे आणि हक्काची कमाई मिळवून देणारे हे काम आदर्श आहे, असे म्हणताना आम्हाला संकोच वाटत नाही. वेंगुर्ल्यात एक अधिकारी आग्रहाने उभा राहिला, पुण्यात एक संघटना. दोन्हीकडे यंत्र नंतर आले, आधी माणसे दारोदार गेली. अधिकाऱ्याची बदली होते, आणि घाटंजीसारख्या गावी अशी संघटना बहुधा नसते. कार्यकर्ता मात्र असतो.

संघाच्या शताब्दीत पंच परिवर्तनाचा विषय सर्वत्र मांडला गेला. त्यात पर्यावरण आहे, नागरिक कर्तव्य आहे, समरसता आहे. या तिन्हींसाठी वेगवेगळे कार्यक्रम शोधत बसण्याचे कारण नाही. दोन डबे घेऊन एका गल्लीत सलग तीन महिने जाणे, यात तिन्ही येतात. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात छायाचित्र निघत नाही, हे मान्य. झाडू हातात घेऊन एका सकाळचे छायाचित्र काढणे तुलनेने सोपे असते. एका गल्लीत पहिल्या आठवड्यात दहापैकी तीन घरे ऐकतील, दुसऱ्या आठवड्यात त्यातले एक पुन्हा सगळे मिसळेल. ज्या घराला परसदार आहे त्याला कचरा बाहेर द्यायचाच नाही हे पटवावे. दोन लहान खड्डे किंवा दोन जुने पिंप पुरतात. एक भरत असताना दुसरे कुजते. ओल्या कचऱ्याइतकाच सुका पाला, वर मूठभर माती किंवा जुने खत, आठवड्यातून एकदा हलवणे. वास आला तर पाणी जास्त झाले असे समजून पाला वाढवावा. दोन-तीन महिन्यांत खत हातात येते. परसदार असलेली घरे आपले आपण जिरवू लागली की नगरपरिषदेच्या गाडीवरचा आणि त्या दोनशे चाळीस टाक्यांवरचा भार कितीतरी हलका होतो. घरात फक्त ओला कचरा वेगळा राहिला तरी उरलेले कोरडे राहते, आणि कोरडे राहिले की कबाडी ते आनंदाने नेतो.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. बऱ्याच वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर लोकांनी निवडून दिलेली माणसे गावोगावी पुन्हा बसली. त्यांच्यापुढे सल्लागार कंपन्यांचे मोठमोठे आराखडे येतील, यंत्रांची चित्रे येतील. ती पाहण्याआधी त्यांनी पुसदच्या या टाक्याचा एक नमुना बांधून पाहावा. त्यासाठी एका प्रभागातली एक गल्ली घ्यावी आणि तेवढाच कचरा वेगळा आणावा. पहिले टाके चार महिन्यांनी उघडेल. ते उघडताना फीत कापायला कुणाला न बोलावता जवळच्या शेतातले दोन शेतकरी आणि निंदणाऱ्या दोन बाया बोलवाव्यात. खत त्यांच्यासमोर चाळावे. चाळणीवर काय उरते ते त्यांनी हाताने तपासावे. काच निघाली तर ती त्याच संध्याकाळी कागदात गुंडाळून त्या गल्लीत न्यावी आणि दारोदार दाखवावी. काहीच निघाले नाही, तर ते खत त्याच दोघांना, पहिल्या खेपेला फुकट, त्यांच्या बांधावर पोहोचवून द्यावे.